पापणीच्या कडेवरचा इतिहास

मला आठवतं तेव्हापासून अम्मीच्या पापण्या लाल आहेत. फजरला उठली की आधी ओल्या बोटाने पापण्यांवरची चिपडं सोडवायची, मग वुजू करायची. पापण्यांचे केस विरळ झालेले, वर्षातून दोन-तीनदा रांजणवाडी ठरलेली. घरात याला आजार म्हणून कुणी मोजलंच नाही. “आँखां में गर्मी है,” एवढंच निदान, आणि उपायही एकच. उशाशी पितळेची सुरमादाणी असायची. तिच्यातली सलाई काढून अम्मी स्वतःच्या डोळ्यात फिरवायची आणि मग आम्हा भावंडांना ओळीने बसवायची. “डाल ले बेटा, ठंडक पडती.”

चाळिशी ओलांडली आणि अम्मीच्या पापण्या माझ्या चेहऱ्यावर आल्या. सकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचायचं, पापण्यांच्या मुळाशी कोंडा दिसायचा, कडा लालभडक. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. स्टाफरूममध्ये चेष्टा व्हायची, “सर, रात्री बसला होतात का?” रमजानमध्ये तेच लाल डोळे पाहून मोहल्ल्यातले बुजुर्ग माझ्या इबादतीचं कौतुक करायचे. दोन्ही अंदाज चुकीचे होते. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ब्लेफरायटिस, म्हणजे पापण्यांच्या कडांचा जुनाट दाह. पुढे म्हणाले, “हा मुळापासून जात नाही. सांभाळावा लागतो. पापण्या रोज साफ करा.”

रोज साफ करा, पण कशाने? पहिल्या डॉक्टरांनी लहान मुलांचा शांपू पाण्यात मिसळून लावायला सांगितला. दुसऱ्या म्हणाल्या, शांपू बंद, खास पापण्यांसाठी मिळणारा फेस वापरा. तिसऱ्यांनी फक्त गरम शेक सांगितला. ओळखीच्या हकीमसाहेबांनी अर्के-गुलाबची बाटली दिली. अम्मी तर सलाई घेऊन तयारच होती. पाच माणसं, पाच उपाय. अशा वेळी इतिहासाचा मास्तर जे करतो तेच मी केलं, मागे गेलो. हजार-बाराशे वर्षांपूर्वी माणसं या दुखण्याचं काय करत होती, ते शोधायला लागलो.

आधी दुखणं समजून घेऊ. पापणीच्या कडेवर, केसांच्या ओळीच्या जरा आत, बारीक छिद्रांची एक रांग असते. ही तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. आपण डोळे मिचकावतो तेव्हा त्यांतून तेलाचा पातळ थर अश्रूंवर पसरतो आणि अश्रू लवकर उडून जात नाहीत. हे तेल घट्ट होऊन अडकलं, कडांवर जंतू वाढले, किंवा कोंडा साचला, की दाह सुरू होतो. अश्रू टिकत नाहीत, डोळे कोरडे पडतात, चोळले जातात, दाह आणखी वाढतो. त्यामुळे उपायाचे भाग तीन. घट्ट तेल पातळ करायचं, ते बाहेर काढायचं, आणि कडेवरची घाण पुसायची. या तिन्ही गोष्टी माणसाने फार पूर्वीपासून केल्या आहेत. कारणं मात्र दर काही शतकांनी वेगळी सांगितली आहेत.

आपल्या मातीपासून सुरुवात करतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत आणि त्यातले २१ फक्त पापणीचे आहेत. संस्कृतात पापणीला वर्त्म म्हणतात. डोळ्यावर धार धरणं, थेंब टाकणं, अंजन घालणं, पापणी उलटून खरवडणं, हे सगळे उपचार तिथे आहेत. हे ज्ञान इथेच थांबलं नाही. इब्न नदीमच्या ‘अल-फिहरिस्त’ या दहाव्या शतकातल्या ग्रंथसूचीत नोंद आहे की बगदादचा वजीर यह्या बिन खालिद बर्मकी याने ‘सुस्रुद’चं पुस्तक मंका नावाच्या हिंदी वैद्याकडून अरबीत उलगडून घेतलं. सुस्रुद म्हणजे सुश्रुत. आपल्या युनानी दुकानात जे इत्रीफल मिळतं, ते नावही त्रिफळ्यावरूनच आलेलं आहे. शब्दांनी केलेला प्रवास माणसं विसरतात, औषधाच्या बरणीवर तो राहतो.

आता बगदाद. नवव्या शतकात तिथे हुनैन इब्न इसहाक होता. जन्म ८०९ चा, हीरा गावचा, नेस्टोरियन ख्रिस्ती. त्याने गॅलेनचे ग्रंथ ग्रीकमधून सिरियाक आणि अरबीत आणले आणि डोळ्यांवर ‘दहा मकाले’ लिहिले. डोळ्याची रचना, रोग आणि औषधं नीट मांडणारं ते अरबीतल्या सगळ्यात जुन्या पुस्तकांपैकी एक आहे. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी बगदादमध्येच अली इब्न ईसा झाला. त्याच्या ‘तज़किरतुल-कह्हालीन’ या ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात डोळ्याची रचना, दुसऱ्यात बाहेरून दिसणारे रोग, तिसऱ्यात आतले. पापण्यांचे रोग दुसऱ्या भागात येतात. पुढची कित्येक शतकं डोळ्यांचे वैद्य हे पुस्तक हाताशी ठेवून काम करत होते.

‘कह्हाल’ या शब्दाजवळ जरा थांबू या. कुह्ल म्हणजे सुरमा, आणि कह्हाल म्हणजे सुरमा लावणारा. अरबीत डोळ्यांच्या वैद्याला हेच नाव पडलं. म्हणजे आमच्या घरातली सलाई त्या धंद्याच्या नावातच आहे. हे वाचून मी आधी खूश झालो. अम्मीला फोन करून सांगणारही होतो. पण पुढची पानं वाचली आणि थांबलो.

माझ्या दुखण्याचं वर्णन मला इब्न सीनाच्या ‘कानून’मध्ये सापडलं. त्याचं तिथलं नाव ‘सुलाक’. पापण्या जाड होतात, लाल होतात, केस गळतात आणि कडांना जखमा पडतात, असं तो लिहितो. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने अम्मीचाच चेहरा समोर ठेवून लिहावं, इतकं ते तंतोतंत आहे. कारण तो सांगतो ते आज चालणार नाही. खारट, खाऊन टाकणारा, दूषित द्रव पापणीत उतरतो, असं तो मानतो. उपाय मात्र बघा. गुलाबपाण्यात शिजवलेल्या मसुरीचा लेप, किंवा घोळेची भाजी आणि कासनी यांचा गुलाबतेल व अंड्याच्या पांढऱ्यासोबत लेप. तो रात्री लावायचा आणि नंतर हम्मामला जायचं. मऊ, ओलसर लेप रात्रभर कडेवर राहणार, खपल्या नरम पडणार, मग हम्मामची ऊब आणि पाणी. कारणमीमांसा चुकीची असली तरी हाताने जे केलं ते फारसं चुकलेलं नाही.

त्याच ग्रंथात पापण्यांतल्या उवांवरही मजकूर आहे. त्यासाठी पापण्या समुद्राच्या किंवा खाऱ्या, गंधकयुक्त पाण्याने धुवायच्या आणि मग तुरटी मिसळलेलं औषध केसांच्या मुळाशी लावायचं. आधी धुणं, मग मारणं. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

पण मला सगळ्यात जास्त धक्का दिला तो वैद्यकाच्या पुस्तकाने नव्हे, बाजाराच्या पुस्तकाने. बाराव्या शतकात सीरियात शैज़री नावाच्या लेखकाने मुहतसिबसाठी, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी, एक मार्गदर्शक लिहिला. वजनमापं कशी तपासायची, भाकरीवाल्यावर लक्ष कसं ठेवायचं, असं सगळं त्यात आहे. त्यातच कह्हालांवर एक भाग आहे. मुहतसिबने कह्हालाची परीक्षा घ्यावी, आणि ती हुनैनच्या ‘दहा मकाल्यां’वर घ्यावी. डोळ्याचे थर, त्यातले द्रव, रोग आणि औषधं यांची माहिती असेल तरच लोकांच्या डोळ्यांना हात लावू द्यावा. रस्त्यावर फिरणाऱ्या कह्हालांविषयी तर तो फारच कडक आहे. यातल्या बहुतेकांवर विश्वास ठेवू नये, म्हणतो. काही जण स्टार्च आणि डिंकाच्या कांड्या रंगवून औषध म्हणून विकतात.

मुस्लिम राज्य, मुस्लिम अधिकारी, आणि डोळ्याला हात लावायचा परवाना मिळणार एका ख्रिस्ती माणसाच्या पुस्तकावर. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. हेच ‘दहा मकाले’ १९२८ मध्ये कैरोत संपादित करून इंग्रजी अनुवादासह छापले ते मॅक्स मेयरहोफ यांनी. तेही डोळ्यांचे डॉक्टर, जन्माने जर्मन ज्यू.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर “मुसलमानांनी जगाला काय काय दिलं” अशी यादी दर आठवड्याला फिरते. मीही ती पुढे पाठवत होतो. या वाचनानंतर मला त्या यादीतली उणीव दिसली. तिच्यात नावं असतात, पण त्या माणसांनी काम कसं केलं हे नसतं. राज़ीचं उदाहरण घ्या. रोग्यांचं रक्त काढल्याने मेंदूच्या आजारात फायदा होतो का, हे पाहण्यासाठी त्याने काही रोग्यांचं रक्त काढलं आणि काहींचं मुद्दाम काढलं नाही. असं त्याने ‘अल-हावी’त नोंदवलं आहे. निष्कर्ष सोडून द्या, त्या आजारावर रक्त काढणं आज आधुनिक वैद्यक सांगत नाही. पण दोन गट करून तुलना करावी, हे त्याला सुचलं. ही सवय आमच्या वारशात होती, आणि आमच्या घरात पोचली ती फक्त सुरमादाणी.

पुढचा इतिहास युरोपात घडतो. १६६६ मध्ये हाइनरिख माइबोम या जर्मन वैद्याने पापणीतल्या तेलग्रंथींचं सविस्तर वर्णन छापलं. म्हणून त्यांना आजही माइबोमियन ग्रंथी म्हणतात. १८४१-४२ मध्ये याकोब हेन्ले आणि गुस्ताव्ह सायमन यांनी माणसाच्या त्वचेत एक सूक्ष्म किडा पाहिला. त्याचं पुढे नाव पडलं डेमोडेक्स. लांबी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. एक जात केसांच्या मुळाशी राहते, दुसरी तेलग्रंथीत. इब्न सीनाच्या उवा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या, हा किडा सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. दोघांना एक समजू नये. डेमोडेक्स निरोगी माणसांच्या पापण्यांवरही असतो आणि वयाबरोबर वाढतो. तो फार वाढला की पापणीच्या केसाभोवती बुंध्याशी नळीसारखा कोंडा दिसतो.

एकोणिसाव्या शतकात पारा घातलेलं पिवळं मलम आलं. जर्मन नेत्रवैद्य पागेनश्टेखर यांच्या नावाने ते प्रसिद्ध झालं आणि विसाव्या शतकातही बराच काळ वापरात राहिलं. पारा हे विष आहे म्हणून ते मागे पडलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सुरम्याबद्दल बोलायचं आहे. चुकीचं औषध प्रत्येक समाजाने वापरलं आहे. प्रश्न असतो ते कधी सोडलं याचा.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान मुलांचा शांपू पापण्यांवर आला. तो डोळ्यांना झोंबत नाही, स्वस्त आहे आणि कुठेही मिळतो. जगभरच्या डॉक्टरांनी तो सांगितला, मलाही सांगितला. तो किती चांगला आहे हे मात्र बराच काळ कुणी नीट तपासलं नव्हतं. सगळे सांगतात म्हणून सगळे सांगत होते. आपल्याकडच्या सुरम्यासारखंच.

मग तपासणी सुरू झाली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की बेबी शांपूने डेमोडेक्स मरत नाही, टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाने मरतो. बाजारात लगेच टी ट्रीची लाट आली. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने टी ट्रीवरच्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या. त्यात एकूण ५६२ रुग्ण होते. फायद्याविषयी ठामपणे काही सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. शिवाय हे तेल तीव्र असलं तर डोळ्याला झोंबतं. शुद्ध तेलाची बाटली आणून पापणीला लावणं धोक्याचं आहे.

त्याआधी, २०१२ मध्ये, याच संस्थेने जुनाट ब्लेफरायटिसच्या सगळ्याच उपचारांचा आढावा घेतला होता. ३४ अभ्यास आणि २,१६९ रुग्ण. कोणताही उपचार हा आजार मुळापासून घालवतो, याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. पापण्यांची रोजची स्वच्छता त्रास कमी करू शकते, इतकंच समोर आलं. हे वाचून निराश व्हायला हवं होतं, पण मला उलट हलकं वाटलं. वीस वर्षं अम्मी स्वतःला दोष देत होती. कधी मिरची जास्त खाल्ली म्हणून, कधी शिवणकाम केलं म्हणून. तिचं काही चुकलेलं नव्हतं.

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर २०१८ मधल्या एका चाचणीत मिळालं. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी ४३ जण घेतले. प्रत्येकाच्या एका पापणीला पाण्यात मिसळलेला बेबी शांपू, दुसऱ्या डोळ्याच्या पापणीला खास पापण्यांसाठी बनवलेला क्लीन्झर. दिवसातून दोनदा, चार आठवडे. कोणत्या डोळ्याला काय लावलं हे तपासणाऱ्याला माहीत नव्हतं. माणूस तोच, हवा तीच, जेवण तेच, फक्त उपाय वेगळा. राज़ीने पाहिलं असतं तर त्याला आवडलं असतं. त्रास दोन्हींनी कमी झाला. पण डोळ्यांतला दाह कमी झाला तो फक्त क्लीन्झरच्या बाजूला. शांपूच्या बाजूला, अश्रू डोळ्यावर धरून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचं प्रमाण घटलं. चाचणी लहान आहे आणि काळ चार आठवड्यांचाच आहे, म्हणून शांपू वापरणाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. पण दोन्ही सहज मिळत असतील तर निवड कुठे करायची ते कळतं.

२०२३ मध्ये अमेरिकेत डेमोडेक्सवरचे पहिले खास थेंब मंजूर झाले, लोटिलानर नावाचे. दिवसातून दोनदा, सहा आठवडे. हे औषध आधी कुत्र्या-मांजरांच्या गोचिडांवर आणि पिसवांवर वापरात होतं. धुणं आणि मारणं, ‘कानून’मधला तो क्रम इथवर आला.

आता सुरमा. डोळ्यांत इस्मिद लावण्याविषयीच्या रिवायती मला माहीत आहेत, आणि त्यांचा आदर आहे. पण इस्मिद म्हणजे सर्वसाधारणपणे अँटिमनीचं खनिज मानलं जातं, आणि बाजारातल्या सुरम्यांत अनेकदा निघतं ते शिसं. तपासण्यांमध्ये ते वारंवार आढळलं आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करतं, आणि डोळ्यात बोट घालून तेच बोट तोंडात घालणं हा मुलांचा स्वभावच आहे. शिवाय दाह असलेल्या पापणीच्या कडेवर भुकटी लावली की आधीच बुजलेली छिद्रं आणखी बुजतात. एकच सलाई सगळ्या घराच्या डोळ्यांत फिरली की जंतूही फिरतात. डबीवर हिरव्या अक्षरांत पवित्र शहराचं नाव छापलं म्हणून आतली भुकटी बदलत नाही. शैज़रीच्या मुहतसिबने ही डबी उघडून पाहिली असती.

सुन्नतच हवी असेल तर आणखी एक आहे, जिची कुणाला फारशी आठवण येत नाही. अबू दाऊदच्या संग्रहात वुजूचं वर्णन करताना डोळ्यांचे आतले कोपरे पुसल्याचा उल्लेख आहे. पाच वेळा तोंडावर पाणी मारूनही आपण तेवढा कोपरा सोडून देतो.

मी काय करतो ते सांगतो. मी डॉक्टर नाही, तुमच्या डोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. इशानंतर स्वच्छ रुमाल गरम पाण्यात भिजवून, पिळून, मनगटावर ऊब तपासून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवतो. रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून पुन्हा भिजवतो, असं आठ-दहा मिनिटं. मग बोटाने हलकं दाबत वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर. मग क्लीन्झर लावून केसांच्या मुळाशी पुसतो. दोन महिन्यांत सकाळची वाळू बरीच कमी झाली. मधे एका लग्नाच्या धावपळीत पंधरा दिवस सोडलं, तर परत आली. या आजारात एवढाच नियम आहे.

अम्मीला मी हे सगळं सांगितलं. हुनैन सांगितला, इब्न सीना सांगितला, ४३ माणसं सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “साठ बरस डाली मैं, अंधी हुई क्या?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. गरम रुमाल मात्र तिला आवडला. आता रात्री दोघं शेजारी बसून डोळ्यांवर रुमाल ठेवतो आणि ती रेडिओ ऐकते. रांजणवाडी या वर्षी एकदाच झाली.

गेल्या ईदला माझ्या भावाची अडीच वर्षांची मुलगी नवे कपडे घालून सवयीने अम्मीसमोर चेहरा वर करून उभी राहिली. अम्मीने सुरमादाणी हातात घेतली, सलाई काढली, माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सलाई स्वतःच्या डोळ्यात फिरवली, सुरमादाणी बंद केली आणि पोरीच्या मनगटाला अत्तर लावून तिला पाठवून दिलं.